शेपटीची भाषा

शेपटी हालविणारा कुत्रा स्नेहाळच असावयाचा, असा बहुतेकांचा समज आहे. आमच्या मतें हा समज मुलांस घातक आहे.

अंग सैल सोडून कुत्रा शेपटी ऐसपैस हालवील, तर तें प्रेमाचें लक्षण. उलट, शेपटी वर ताठ उभारून नुसता शेंडा थरथरवील व नजर रोखील, तर तो इशारा होय. पायांत दडपलेली शेपटी ही भयाची खूण. आणि भ्यालेलें जनावरहि चावतें. डार्विननें १८७२ सालच्या आपल्या ग्रंथांत रागीट व प्रेमळ कुत्र्यांतील भेद चित्रांसह दाखविला आहे. इटलींतील संशोधकांस तर २००७ सालीं असें आढळलें कीं, धनी दिसतांच कुत्र्याची शेपटी त्याच्या उजवीकडे अधिक झुकते, व परका दांडगा कुत्रा दिसतांच डावीकडे.

तात्पर्य, शेपटीबरोबर कान, डोळे व पाठीचे केस हींहि वाचावीं. खाणाऱ्या, निजलेल्या वा पिलांजवळ बसलेल्या कुत्र्यास हात लावूं नये, हें पालकांनीं मुलांस घरींच शिकवावें. इशारा न ओळखल्यामुळें मुलास चावा बसतो, आणि काठी मात्र मुक्या प्राण्याच्या पाठीवर पडते. त्यानें तर आधींच बजावलेलें असतें. न वाचणाऱ्याचा दोष त्याच्या माथीं कां मारावा?