खाद्य बंद केल्याची वेळ चलनावर हवी

दुकानात कोंबडी सोलताना गळ्यापाशी सुरी लागते, भरलेली अन्नपिशवी फुटते आणि मक्याचा पिवळट लगदा मांसावर ओघळतो. सुरी तीच, ओंडका तोच, टबातलं पाणीही तेच. मग एका पक्ष्याची घाण पुढच्या सगळ्यांना लागते. त्या लगद्यात, फुटलेल्या आतड्यात साल्मोनेला आणि कॅम्पायलोबॅक्टर असू शकतात. हे जिवाणू पोटात असूनही ब्रॉयलर बहुधा ठणठणीत दिसतो, त्यामुळे शेडवर कुणाला शंकाही येत नाही.

‘चिकन शिजवलं की सगळं मरतं’ हे खरं आहे. आतपर्यंत ७४ अंश सेल्सिअस तापमान गेलं की हे जिवाणू टिकत नाहीत. पण कच्चं चिकन कापलेल्या विळीवरच चिरलेली काकडी कुणी शिजवत नाही.

मांस दूषित निघालं की आपण दुकानदाराला बोल लावतो. पण भरल्या पोटाचा पक्षी त्याच्याकडे पाठवतो कोण? कापणीआधी ८ ते १२ तास खाद्य बंद आणि पकड सुरू होईपर्यंत पाणी चालू, हा नियम आपल्याला पाठ आहे. तरीही गाडी दारात लागेपर्यंत फीडर उचलले जात नाहीत, कारण पक्षी जिवंत वजनावर विकला जातो. खाद्य तोडल्यावर तासाला साधारण पाव टक्का वजन घटतं. ही घट एकट्या शेतकऱ्याच्या माथी मारली, तर तो फीडर उचलणार नाही आणि त्याला दोषही देता येणार नाही.

दुसरं टोकही तितकंच वाईट. गाडी उशिरा आली की उपाशी पक्षी लिटर, म्हणजे शेडमधलं अंथरूण, टोचतात आणि तिथले जिवाणू अन्नपिशवीत जातात. उपास फार लांबला तर आतडं नाजूक होऊन ओढताना फाटतं. म्हणून वेळ कापणीपासून मागे मोजायची. पहाटे ६ वाजता कापणी असेल, तर खाद्य रात्री ८ वाजता बंद.

हे जिवाणू मारायला शेवटच्या आठवड्यात अँटिबायोटिक देणं हा उपाय नव्हे. त्याने जिवाणू औषधांना दाद देईनासे होतात, म्हणूनच केंद्र सरकारने २०१९ मध्ये पशुपालनात कोलिस्टिनच्या वापरावर बंदी घातली. खरा उपाय शेडवरच आहे. स्वीडनमध्ये १९५३ साली आल्वेस्ताच्या कत्तलखान्यातून साल्मोनेला पसरून सुमारे ९,००० लोक आजारी पडले, जवळपास ९० दगावले. त्यातून धडा घेऊन त्या देशाने थेट खाद्य आणि शेडपासून नियंत्रण बसवलं.

आमची मागणी साधी आहे. लिफ्टिंगची, म्हणजे पक्षी उचलण्याची, वेळ व्यापाऱ्याने आदल्या दिवशी पक्की सांगावी. खाद्य बंद केल्याची वेळ शेतकऱ्याने चलनावर लिहावी. आणि उपासामुळे होणारी घट दोघांनी मिळून दरात धरावी. करार शेती करणाऱ्या कंपन्यांनी या वेळेचा रकाना आपल्या चलनात छापला, तर पुढच्या बॅचपासूनच सुरुवात होऊ शकते. खाणाऱ्याच्या पोटाची जबाबदारी आपल्या शेडपासून सुरू होते, हे एकदा मान्य केलं की मग चालढकल करायला कारण उरत नाही.