पट्टा कंबरेला नव्हे, पोटात



इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी बसवला. तेव्हापासून या गावाने किती कापड विणले याचा हिशेब व्यापाऱ्यांच्या वह्यांत सापडेल. ते विणताना किती माणसांच्या कंबरा गेल्या, याचा हिशेब मात्र कोणी ठेवला नाही. आज आम्ही त्या कंबरेविषयीच लिहीत आहोत.

मागावरचे काम पाहा. तुटलेला धागा जोडायला वाकायचे, धोट्यातली कांडी बदलायची, लगेच मागे वळून दुसरा माग सांभाळायचा. वाकणे आणि वळणे, दोन्ही एकदम आणि तेही पाळी संपेपर्यंत. वहिफणीचा कामगार मान आणि पाठ वाकवून ताण्याचे एकेक टोक ओवतो. कांडी मशीनवरच्या भगिनी तासन् तास एकाच जागी असतात आणि घरी आल्यावर पाण्याच्या घागरी त्यांचीच वाट पाहत असतात. शिवाय मजुरी कापडावर. ज्या दिवशी कापड नाही, त्या दिवशी पगार नाही. म्हणून कंबर धरली तरी माणूस गोळी घेतो आणि पाळीवर जातो.

उसण भरली की आपल्याकडचे उपाय ठरलेले आहेत. कोणी तेल चोळतो, कोणी पायाळू माणसाला बोलावून पाठीला पाय लावून घेतो, कोणी इंजेक्शन घेतो आणि शेवटी औषधाच्या दुकानातून कंबरेचा पट्टा आणतो. काही दिवसांत बरे वाटते आणि श्रेय पायाळूला किंवा पट्ट्याला मिळते. खरी गोष्ट अशी, की साधी कंबरदुखी बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआपच कमी होते. पण ती कायमची जात नाही. सहा महिन्यांनी, वर्षाने परत येते. कारण जे दुबळे होते ते दुबळेच राहिलेले असते.

हे दुखणे एकट्या इचलकरंजीचे नाही. २०२० साली जगात सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीच्या उपचारांविषयी मार्गदर्शन प्रसिद्ध केले. त्यात कंबरेचे पट्टे आणि वजने लावून ओढ देणे हे उपाय सरसकट वापरू नयेत असे सांगितले आहे. व्यायाम करावा आणि रुग्णाला त्याचे दुखणे नीट समजावून सांगावे, यावर भर दिला आहे. म्हणजे ज्याला पैसे पडतात ते बाजूला ठेवा आणि ज्याला पैसे पडत नाहीत ते करा, असाच त्याचा अर्थ निघतो.

मग कोणता व्यायाम करायचा? त्यासाठी आधी शरीराची रचना समजून घेऊ. पाठीचा कणा म्हणजे एकावर एक ठेवलेले मणके. ते नुसते उभे राहू शकत नाहीत. त्यांना चारही बाजूंनी स्नायूंचा आधार लागतो. पोटाच्या आत खोलवर एक आडवा स्नायू आहे. तो धोतराच्या सोग्यासारखा कंबरेभोवती गुंडाळलेला असतो. मागे मणक्यांना धरून ठेवणारे लहान स्नायू आहेत. वर श्वासाचा पडदा आणि खाली ओटीपोटाचा तळ. या सगळ्यांचा मिळून जो डबा होतो, तोच आपला निसर्गाने दिलेला पट्टा. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठाच्या संशोधकांनी १९९६ साली दाखवून दिले, की निरोगी माणूस हात उचलतो त्याच्या क्षणभर आधीच पोटातला हा आडवा स्नायू आवळला जातो. कंबरदुखीच्या रुग्णांत मात्र तो उशिरा जागा होतो. पहारेकरी चोर गेल्यावर उठावा, तसे हे आहे.

याच आतल्या पट्ट्यासाठी श्रीमंतांचे खेळाडू काय काय करतात ते पाहण्यासारखे आहे. गोल्फ हा पैसेवाल्यांचा खेळ. हिरव्यागार मैदानावर काठीने लहानसा चेंडू मारायचा, यात कसले कष्ट, असे आपल्याला वाटेल. पण तो फटका मारताना खेळाडू वाकतो आणि त्याच वेळी जोराने वळतो. त्या क्षणी कंबरेवर शरीराच्या वजनाच्या आठपट दाब येतो, असे मोजमापात आढळले आहे. म्हणून गोल्फ खेळणाऱ्यांत कंबरेचे दुखणे सर्वांत जास्त. अमेरिकेचा टायगर वूड्स हा कृष्णवर्णीय पित्याचा मुलगा. ऑगस्टाच्या ज्या क्लबने १९९० पर्यंत एकाही कृष्णवर्णीयाला सभासद करून घेतले नव्हते, त्याच क्लबची मास्टर्स स्पर्धा त्याने १९९७ साली जिंकली. पुढे त्याची कंबर गेली. २०१४ ते २०१७ या काळात पाठीवर चार शस्त्रक्रिया झाल्या. शेवटच्या शस्त्रक्रियेत मणके एकमेकांना जोडावे लागले. तरीही एप्रिल २०१९ मध्ये, वयाच्या ४३ व्या वर्षी, त्याने तीच स्पर्धा पुन्हा जिंकली. शस्त्रक्रियेनंतर महिनोन् महिने केलेल्या सरावाशिवाय हे होणे नव्हते.

वाकणे आणि वळणे त्याचेही, आपलेही. फरक इतकाच, की त्याच्या कंबरेसाठी तज्ज्ञ माणसे पदरी असतात आणि आपल्या कंबरेसाठी गोळीची पट्टी असते. पण जो व्यायाम त्यांना सांगतात, तो चटईवर, घरच्या घरी, फुकट करता येतो. कॅनडातील वॉटरलू विद्यापीठाचे निवृत्त प्राध्यापक स्टुअर्ट मॅकगिल यांनी सांगितलेले तीन व्यायाम जगभर वापरले जातात. ते असे :

पहिला. उताणे झोपावे. एक गुडघा दुमडावा, दुसरा पाय सरळ ठेवावा. दोन्ही तळहात कंबरेखालच्या पोकळीत ठेवावेत. आता डोके आणि खांदे जमिनीपासून किंचित उचलावेत. पूर्ण उठून बसायचे नाही.

दुसरा. कुशीवर झोपून कोपरावर भार घ्यावा. गुडघे दुमडलेले असू द्यावेत. कंबर जमिनीपासून वर उचलून शरीर सरळ रेषेत आणावे. मग दुसरी कूस.

तिसरा. लहान मूल रांगते तसे हात आणि गुडघ्यांवर यावे. उजवा हात पुढे आणि डावा पाय मागे सरळ करावा. पाठ हलू देऊ नये. मग हात-पाय बदलावेत.

प्रत्येक स्थितीत आठ-दहा सेकंद थांबावे. श्वास कोंडू नये. सुरुवातीला प्रत्येक बाजूने चार-पाच वेळा पुरे. सगळे मिळून दहा मिनिटे लागतात. तालमीत जाणारी तरुण पोरे म्हणतील, आम्ही शंभर जोर काढतो, हे काय बायकी व्यायाम! त्यांनी तिसरा व्यायाम पाठीवर पाण्याने भरलेली वाटी ठेवून करून पाहावा. येथे जोर दाखवायचा नसून तोल आणि दम सांभाळायचा आहे.

हे व्यायाम झोपेतून उठल्या उठल्या करू नयेत. रात्रभरात मणक्यांमधल्या गाद्या पाणी शोषून फुगलेल्या असतात. म्हणून पहाटे लगेच खोल वाकणे, भरलेली घागर झटक्यात उचलणे टाळावे. थोडे चालावे-फिरावे आणि मग कामाला लागावे. वजन उचलताना ते अंगाजवळ घ्यावे, गुडघे वाकवावेत आणि वळायचे झाल्यास कंबरेतून न वळता पाय उचलून वळावे. भरलेला बीम एकट्याने हलवण्यात कसली मर्दुमकी नाही. बाळंतपणानंतर पोटाचे स्नायू सैल पडतात. नुसते पोट बांधून ते घट्ट होत नाहीत. डॉक्टरांना विचारून हळूहळू व्यायाम सुरू करावा. आणि रोज चालावे. ऑस्ट्रेलियातील २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, नियमाने चालणाऱ्यांची कंबरदुखी परत येण्यास सरासरी २०८ दिवस लागले, न चालणाऱ्यांची ११२ दिवसांतच परतली.

मात्र काही लक्षणे दिसली तर व्यायामाची वाट पाहू नये. लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटणे, जांघेभोवतीचा भाग बधिर होणे, पायातली ताकद जाणे, या गोष्टी दिसताच त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. ताप, वजन घटणे, रात्री झोप मोडणारे दुखणे असेल तर मणक्याचा क्षयही असू शकतो. तो औषधाने बरा होतो, पण वेळेत कळला पाहिजे. आणि उपाशीपोटी, महिनोन् महिने वेदनाशामक गोळ्या घेऊ नयेत. त्या कंबर वाचवत नाहीत, उलट जठर आणि मूत्रपिंड घालवतात.

सरकारी रुग्णालयात गेलात तर नुसती गोळी घेऊन परतू नका. "मला फिजिओथेरपी, म्हणजे व्यायामोपचार, लिहून द्या," असे स्पष्ट म्हणा. हे शास्त्र आपल्याकडे पन्नासच्या दशकात मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात रुजले, ते मुख्यतः पोलिओ झालेल्या मुलांसाठी. गोरगरिबांच्या पोरांना पायावर उभे करण्यासाठी आलेली ही विद्या केवळ खेळाडूंची मालमत्ता कशी होईल?

येथे कोणी म्हणेल, बारा तासांच्या पाळीने मोडलेली कंबर दहा मिनिटांच्या व्यायामाने कशी सावरणार? प्रश्न रास्त आहे. मजूरमंत्री असताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती मांडली आणि कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. कामगाराच्या शरीराला मर्यादा आहे, हे त्यामागचे तत्त्व होते. सहा दिवस बारा-बारा तास भरले तर ७२ तास होतात. तेव्हा पाळीचे तास, बसायला नीट स्टूल आणि मधली सुट्टी मागणे हाही कंबरेचाच उपचार आहे. व्यायाम त्या मागणीची जागा घेऊ शकत नाही. पण मागणी मान्य होईपर्यंत कंबर शाबूत तर राहिली पाहिजे.

कारखानदाराचा माग मोडला तर जॉबर येतो, नवा भाग बसतो. आपल्या मणक्यांना सुटे भाग मिळत नाहीत. आज संध्याकाळी चटई अंथरा, घरातल्या सगळ्यांना बसवा आणि तिन्ही व्यायाम एकमेकांचे पाहून दुरुस्त करा. रोज दहा मिनिटे द्या आणि निदान तीन महिने खंड पडू देऊ नका.