जुन्या पद्मिनीचे ब्रेक : आधी दुहेरी लाइन, मग डिस्क

आपल्या ठाणे-कल्याण पट्ट्यात प्रीमियर पद्मिनीविषयी एक वेगळाच जिव्हाळा आहे. प्रीमियरचा कल्याणचा कारखाना डोंबिवलीच्या अंगाला होता. मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये निघून गेली, तरी खाजगी गाड्या कित्येकांनी मोठ्या हौसेने सांभाळून ठेवल्या आहेत. हल्ली या शौकीन मंडळींत चारही ड्रम ब्रेक काढून पुढे डिस्क बसवण्याची टूम निघाली आहे. इरादा चांगला आहे, परंतु कामाचा क्रम उलटा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मूळ गाडी 1960 च्या दशकातली. तेव्हाच्या रहदारीला ड्रम पुरेसे होते. आज पुढे जी नवी मोटार धावते तिला डिस्क असते आणि एप्रिल 2019 पासून एबीएसही सक्तीचे आहे. ती जिथल्या तिथे थांबते. आपली गाडी तिच्या डिकीत शिरते. शिवाय वेग दुप्पट झाला की थांबवायची ताकद चौपट लागते. मुंब्रा बायपासच्या उतारावर मागे कंटेनर असताना हा हिशेब पुस्तकी राहत नाही. माळशेज उतरताना ड्रम तापून फुगतात, लायनरची पकड सुटते आणि पॅडल खाली जाते, याचा अनुभव जुन्या ड्रायव्हरांना विचारावा.

मात्र खरा धोका ड्रममध्ये नाही. जुन्या पद्मिनीत ब्रेक तेलाची एकच लाइन चारही चाकांना जाते. एका चाकाचे रबर फाटले, एक नळी गंजून फुटली, की चारही ब्रेक एकदम गेले! म्हणून पहिला खर्च दोन कप्प्यांच्या मास्टर सिलिंडरवर झाला पाहिजे. पुढची लाइन वेगळी, मागची वेगळी. एक गेली तरी दुसरी गाडी थांबवते. त्याबरोबर नळ्या, रबराचे होज, व्हील सिलिंडरचे किट नवे घ्यावे आणि ब्रेक तेल दर दोन वर्षांनी बदलावे. हे तेल हवेतला ओलावा पिते, आणि आपल्याकडचा पावसाळा सर्वांना ठाऊक आहे. ड्रम लंबगोल झाला असेल तर लेथवर घासून घ्यावा. फार पातळ झाला असेल तर टाकून द्यावा. एवढे केल्यावर पुष्कळांना डिस्कची गरजच भासणार नाही.

ज्यांना रोज हायवेने जायचे आहे त्यांनी डिस्क जरूर बसवावी. पण भंगारातली कोणत्याही गाडीची डिस्क आणून वेल्डिंग करून अडकवणे म्हणजे ताणा एका नंबरच्या सुताचा आणि बाणा दुसऱ्याच. पहिल्या धुलाईतच कापड आकसते. ड्रमची पट्टी फिरत्या चाकाबरोबर स्वतःच ओढली जाते, डिस्कला तशी मदत नसते. म्हणून तिला जास्त दाब लागतो, बूस्टर लागतो आणि मास्टर सिलिंडरही त्या मापाचा लागतो. ड्रमच्या लाइनमध्ये थोडा दाब धरून ठेवणारी झडप असते. ती डिस्कच्या लाइनवर तशीच राहिली तर पॅड घासत राहतात आणि चाक तापते. पुढचे-मागचे प्रमाण बिघडले तर ओल्या रस्त्यावर मागची चाके आधी अडकतात आणि गाडी फिरते.

आपल्या भागात हुशार उस्तादांची कमी नाही. कमी आहे ती कच्च्या चिठ्ठीऐवजी पक्के बिल देण्याच्या सवयीची. कोणता सिलिंडर, कोणत्या मापाचा, कोणत्या गाडीचा कॅलिपर, हे बिलावर लिहून देणाऱ्या कारागिराकडे लोक नाशिकहूनही गाडी आणतील. आमच्या कापडबाजारात थानावर मीटर लिहिलेला नसेल तर ग्राहक हात लावत नाही!

एक कायदेशीर बाब. जुलै 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार 50 वर्षांहून जुनी गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. पद्मिनी हे नाव 1974 चे, म्हणजे पहिल्या गाड्या आता त्या हद्दीत आल्या आहेत. अट अशी की गाडी मूळ रूपात हवी; चासी, बॉडी व इंजिनात मोठा फेरफार नको. आणि अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही. तेव्हा गाडी मिरवायची की चालवायची, हे मालकाने आधी ठरवावे. मिरवायची असेल तर मूळ ड्रम ठेवावेत. चालवायची असेल तर चासीला न कापता, नट-बोल्टाने निघेल असे काम करून घ्यावे, काढलेले ड्रम ग्रीस लावून जपून ठेवावेत आणि हात घालण्यापूर्वी ठाणे किंवा कल्याणच्या आरटीओकडे लेखी विचारणा करावी.