पगार मागतो आहोत, भीक नव्हे!

गेल्या महिन्यात एक बांधव आमच्याकडे आले. ठेकेदाराकडे सफाईचे काम. चार महिन्यांचा पगार बुडवून त्यांना घरी बसविले. 'जयभीम वकीलसाहेब, सुनावणीची नोटीस आलीय,' म्हणाले. आम्ही कागद मागितले. खिशातून ती नोटीसच तेवढी निघाली. 'मी राबलो हे साऱ्या वस्तीला ठाऊक आहे!' वस्तीला ठाऊक असते हो, पण अधिकाऱ्यापुढे पुरावा लागतो.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता, २०१९ लागू झाली. नव्या कामगार संहितांवर चळवळीचे आक्षेप आहेत आणि ते राहतील. परंतु त्यातले जे आपल्या कामाचे आहे, ते वापरलेच पाहिजे. १९३६ च्या वेतन कायद्यात दाव्याला १२ महिन्यांची मुदत होती, आता ३ वर्षांची आहे. कामावरून काढले वा राजीनामा दिला, तर कामाच्या २ दिवसांत हिशेब चुकता करावा लागतो. पगार दिला हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर आहे. थकलेल्या रकमेखेरीज तिच्या १० पटीपर्यंत भरपाई देण्याचा अधिकार प्राधिकाऱ्याला आहे.

मग अडते कुठे? 'हा माणूस आमच्याकडे कामालाच नव्हता,' असे मालक सरळ सांगतो. तिथे आपला माणूस गप्प होतो. म्हणून ओळखपत्र, हजेरी कार्ड, बँकेचे पासबुक, पीएफचा उतारा, मुकादमाचे मोबाईलवरील संदेश, सोबत राबलेले दोन साक्षीदार, हे सारे आधी गोळा करा. महिनावार तक्ता करा : किती दिवस भरले, दर काय, मिळाले किती, बाकी किती. आकडा फुगवू नका. एक खोटा आकडा खऱ्या दाव्यालाही संशयात टाकतो. कोऱ्या व्हाउचरवर सही वा अंगठा देऊ नका. तारखेला गेले की त्या दिवसाची मजुरी बुडते, हे आम्हांस कळते. पण तारीख चुकली तर चार महिन्यांचा घाम जातो.

गावकीची वेठ आपल्या बापजाद्यांनी भोगली. ती मोडण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात महार वतनाचे विधेयक आणले. मजूरमंत्री असताना ११ एप्रिल १९४६ रोजी किमान वेतनाचे विधेयकही त्यांनीच मांडले. घटनेच्या कलम २३ ने वेठबिगारीला बंदी घातली. किमान वेतनाहून कमी मजुरीत राबविणे हीदेखील वेठच, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली एशियाडच्या मजुरांच्या खटल्यात सांगितले. मग पगारच न देणे याला दुसरे काय म्हणायचे?

आपली शिकलेली पोरे विहारात येतात, वंदना घेतात, घरी जातात. त्यांनी महिन्यातून एक संध्याकाळ अशा कामगारांचे तक्ते लिहून द्यावेत. त्याला वकिलीची सनद लागत नाही.

आम्ही त्या बांधवांसोबत दोन संध्याकाळी बसलो. पासबुकात ठेकेदाराच्या नावाने जमा झालेले जुने तीन पगार सापडले, सोबतचे दोघे साक्षीला तयार झाले. पुढच्या आठवड्यात सुनावणी आहे. या वेळी ते नुसती नोटीस घेऊन जाणार नाहीत.