शंभरचा प्लॅन म्हणजे नेमके किती?

पेढीसाठी इंटरनेटची जोडणी घेताना विक्रेता ‘शंभरचा प्लॅन’ म्हणतो आणि व्यापारी मान डोलावतो. शंभर काय, हे क्वचितच विचारले जाते. मण आणि शेर यांत कधी गल्लत न करणाऱ्या घराण्यांतही येथे फसगत होते. शंभर एमबीपीएस म्हणजे सेकंदाला शंभर मेगाबिट. संगणकातील फाइल मात्र मेगाबाइटमध्ये मोजतात, आणि आठ बिटांचा एक बाइट होतो. म्हणजे या जोडणीवर सेकंदाला फार तर साडेबारा मेगाबाइट उतरतात. विक्रेता खोटे बोलत नाही. माप निराळे असते. शिवाय बारीक अक्षरांत ‘पर्यंत’ हा शब्द असतो, कारण साध्या ब्रॉडबँडची क्षमता अनेक ग्राहकांत वाटली जाते. लीज्ड लाइनवर ती एकाच ग्राहकासाठी राखीव असते, आणि दरही त्या मानाने चढा असतो.

बँडविड्थ ही रस्त्याची रुंदी, तर लेटन्सी म्हणजे निरोप जाऊन उत्तर परत येण्यास लागणारा वेळ. ई-वे बिलासारख्या कामात मजकूर थोडाच असतो. तेथे रस्ता रुंद करून फारसा लाभ होत नाही.

खरा अडथळा पुष्कळदा दुकानातच असतो. गाळ्यातील संगणक एकमेकांना जोडणारे जाळे म्हणजे लॅन, आणि त्या तारा जेथे एकत्र येतात ती पेटी म्हणजे स्विच. जुना स्विच शंभर एमबीपीएसचा असेल, तर तीनशेचा प्लॅन घेऊनही त्यामागील मुनिमांच्या संगणकावर शंभराहून अधिक वेग येत नाही. दरमहा पैसे मात्र तीनशेचे जातात. यावर उपाय एकदाच घ्यावयाच्या गिगाबिट स्विचचा आहे, पण सल्ला बहुधा आणखी मोठ्या प्लॅनचा मिळतो!

करारातील ‘अपटाइम 99 टक्के’ हेही भरभक्कम वाटते. तीस दिवसांच्या महिन्यात उरलेला एक टक्का म्हणजे 7 तास 12 मिनिटे. हे तास मध्यरात्रीचे की ऐन दिवाळीच्या गर्दीतले, याचा उल्लेख त्या आकड्यात नसतो. म्हणून दुसरी जोडणी ठेवावी, पण ती वेगळ्या मार्गाने आलेली हवी. दोन्ही तारा एकाच खांबावरून आल्या असतील, तर एका घावात दोन्ही तुटतात.

सर्वांत अधिक जपावे ते स्टॅटिक आयपीच्या बाबतीत. हा पेढीच्या जोडणीचा न बदलणारा पत्ता. घरून हिशेब पाहता यावेत म्हणून तो घेतला जातो आणि दुकानातील संगणकाचे रिमोट डेस्कटॉप थेट इंटरनेटवर खुले केले जाते. असे खुले दरवाजे शोधून पासवर्ड चालवून पाहणारे प्रोग्राम अहोरात्र फिरत असतात. एखादा आत शिरला की सारी खाती कुलूपबंद होतात आणि किल्लीसाठी खंडणी मागितली जाते. व्हीपीएन घेतल्यास हा दरवाजा रस्त्यावर उघडत नाही. ओळख पटलेल्यालाच आतला मार्ग मिळतो. बॅकअपची डिस्क त्याच संगणकाला कायम जोडलेली असेल, तर खात्यांबरोबर तीही कुलूपबंद होऊ शकते. रोज वही मिटताना नक्कल घेऊन ती डिस्क काढून तिजोरीत ठेवण्यास पाच-दहा मिनिटे पुरतात.