मोडीच्या भावात

सध्या आमच्या ऑफिसात जुन्या वस्तूंचं खूळ आलंय. कोणी शिवराया जमवतंय, कोणी ग्रामोफोनच्या तबकड्या, एकाला तर अडकित्त्यांचा नाद लागलाय. सोमवारी सकाळी चहाच्या मशिनपाशी वीकेंडचा 'माल' दाखवायचा कार्यक्रम असतो. छंदाबद्दल माझी काहीच तक्रार नाही. मॉलमध्ये दिवस घालवण्यापेक्षा हे कधीही बरं. माझं भांडण आहे ते माल दाखवताना हमखास येणाऱ्या एका वाक्याशी : "विकणाऱ्याला कळलंच नाही रे, आपण काय विकतोय ते!" यावर सगळे हसतात, टाळ्या देतात.

मंडळी, या वाक्यात नक्की कौतुकास्पद काय आहे?

ताजं उदाहरण सांगतो. एक सहकारी लग्नाला म्हणून आमच्या सोलापूरला गेला होता. तिथे ओळखीतून एका म्हाताऱ्या बाईंच्या घरी पोचला. नवरा गिरणीत होता, तो जाऊन बरीच वर्षं झाली. भिंतीवर राजा रविवर्म्याच्या छापखान्यातली जुनी लक्ष्मी, साडीवर खरी जर आणि टिकल्या चिकटवलेली. बाई हजार म्हणाल्या. हा जिन्यात गेला, मोबाईलवर भाव बघितला, वीस हजारांच्या आसपास. परत आत येऊन म्हणतो, "काकू, काच तडकलीय, चौकटीला वाळवी आहे. आठशे देतो." त्यांनी चहा केला, चित्र पुसून जुन्या साडीत गुंडाळून दिलं. ही गोष्ट त्यानेच आम्हाला रंगवून सांगितली, चहासकट.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : रविवर्म्याने 1894 मध्ये मुंबईत छापखाना काढला, तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथल्या तसबिरींमुळे लक्ष्मी-सरस्वती साध्या माणसांच्या घरात पोचल्या. म्हणूनच त्या आज सापडतात त्याही साध्या घरांत. आणि सोलापुरात अशी घरं भरपूर. 1877 ची आमची जुनी गिरणी 1963 साली बंद झाली. पुढे लक्ष्मी-विष्णू गेली, नरसिंग गिरजी गेली. गिरणी बंद पडल्यावर घर एका दिवसात रिकामं होत नाही. आधी तांब्याचा बंब आणि पितळी घंगाळ मोडीत जातं, मग बाकीचं, आणि भिंतीवरचा देव सगळ्यात शेवटी. पुण्यातल्या एका कॅफेत मी हातमागाचा धोटा दिव्याला लटकवलेला पाहिलाय. छान दिसतो हो! पण माग चालू असता तर तो तिथे आला नसता, एवढं लक्षात असू द्या.

आता नेहमीचे बचाव एकेक करून घेऊ.

पहिला : "कायद्यात बसतं." बसतं, मान्य. आपला 1872 चा करार कायदा उघडून बघा. कलम 25 मध्ये उदाहरणच दिलंय : हजार रुपयांचा घोडा कोणी राजीखुशीने दहा रुपयांत विकायचं कबूल केलं तर तो करार वैध. पण त्याच्याच खालचं उदाहरणही वाचा. विकणारा म्हणाला की माझी संमती खुली नव्हती, तर इतकी कमी किंमत ही गोष्ट कोर्टाने विचारात घ्यायची आहे. कलम 17 म्हणतं की नुसतं गप्प राहणं म्हणजे फसवणूक नव्हे. पण बोलणं हे कर्तव्य असेल तर मात्र मौनही फसवणूक ठरू शकतं. तिथली उदाहरणं तर आपल्यासाठीच लिहिल्यासारखी आहेत. दोघेही व्यापारी असतील तर आतली बातमी सांगायचं बंधन नाही. पण विकणारा बाप आणि घेणारी नुकती सज्ञान झालेली मुलगी असेल, तर नात्यामुळे घोड्याची खोड सांगावी लागते. दीडशे वर्षांपूर्वी कायदा लिहिणाऱ्यांनाही कळत होतं की समोर कोण आहे यावर बरंच अवलंबून असतं. तिला 'काकू' म्हणायचं, तिचा चहा प्यायचा, आणि भावाची वेळ आली की दोघे व्यापारी? हे कसं काय बुवा?

दुसरा बचाव : "माझा अभ्यास आहे, त्याचा मोबदला नको?" जरूर घ्या की! पण उघडपणे घ्या. "काकू, ही तसबीर मोठ्या किमतीची आहे. मी गिऱ्हाईक शोधतो, चौथा हिस्सा माझा." याला दलाली म्हणतात आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. गंमत अशी की जिन्यात उभं राहून तीन मिनिटं मोबाईल बघणं याला आपण 'अभ्यास' म्हणतो. शिवाय जिन्यात जावंच का लागलं? तिच्यासमोर बघता आलं नसतं?

तिसरा : "मी घेतलं नसतं तर रद्दीत गेलं असतं." हा बचाव मला थोडाफार पटतो. पुण्याच्या दिनकर केळकरांनी आयुष्यभर वस्तू जमवल्या, वीस हजारांच्या वर, आणि तो सगळा संग्रह सरकारच्या हवाली केला. आज तुम्ही-आम्ही तिकीट काढून तो बघतो. त्यांनी वाचवलं असं मी म्हणेन. पण आमच्या सहकाऱ्याची लक्ष्मी गुरुवारी विक्रीला लागली होती. याला वाचवणं म्हणत नाहीत, राव. आणि वाचवण्यासाठी आठशेच द्यावे लागतात, पाच हजार दिले तर वस्तू वाचत नाही, असं थोडंच आहे?

आता जरा आपल्या दुखऱ्या नसेवर बोट ठेवतो. नोकरी बदलताना एचआर आधी काय विचारतो? "सध्याचं पॅकेज किती?" त्या जागेसाठी बजेट किती आहे हे त्याला ठाऊक असतं, आपल्याला नसतं. आपण भीतभीत आकडा सांगतो, तो त्यावर थोडं टाकून गप्प राहतो. सहा महिन्यांनी कळतं की शेजारच्या खुर्चीतला त्याच कामाचे दीडपट घेतोय. तेव्हा आपण काय म्हणतो? "आकडा मीच सांगितला होता, करार वैध आहे" असं म्हणतो का? नाही! शिव्या घालतो आणि दुसरीकडे सीव्ही टाकतो. सोलापूरच्या त्या बाईंना सीव्ही कुठे टाकता येणार?

हा प्रश्न काही नवा नाही. दोन हजार वर्षांपूर्वी रोममध्ये सिसेरोने कर्तव्यांवर पुस्तक लिहिलं. त्यात स्काएव्होला नावाच्या माणसाची गोष्ट आहे. त्याने एक जमीन विकत घ्यायला किंमत विचारली. मालकाने सांगितली. हा म्हणाला, माझ्या मते जमीन याहून जास्त मोलाची आहे, आणि वर एक लाख नाणी घातली. सिसेरो म्हणतो, हे भल्या माणसाचं वागणं आहे हे सगळ्यांना मान्य, पण शहाण्याचं नव्हे असंही लोक म्हणतात. म्हणजे तेव्हाही चहाच्या मशिनपाशी हसणारे होतेच!

मी काही संत व्हा म्हणत नाही. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात खुशाल घासाघीस करा. वस्तू ओळखणं हा तिथल्या दुकानदाराचा धंदाच आहे. शंभरातल्या दहा वेळा तुम्ही जिंकाल, नव्वद वेळा तो. नकली शिवराई तुमच्या गळ्यात मारताना त्याला झोप लागते, तेव्हा तुम्हीही निवांत झोपा. पण जो विकायला बसलेला नाही, ज्याच्या घरात तुम्ही पाहुणे म्हणून शिरलात, ज्याला औषधासाठी किंवा भाड्यासाठी पैसे हवेत, त्याच्यापाशी नियम बदलतो. तिथे तुम्हाला जे ठाऊक आहे ते आधी सांगा, मग भाव करा. ऐकूनही ती म्हणाली की आठशे बास, तर आनंदाने घ्या.

आणि घरोघरच्या म्हाताऱ्यांना दुसऱ्या बाजूनेही लुटायला माणसं टपलेली आहेतच. "तुमच्या जुन्या नाण्याचे लाखो रुपये" असे फोन करून आधी फी उकळणाऱ्यांचा सुळसुळाट झाला, तेव्हा 2021 मध्ये रिझर्व्ह बँकेला लोकांना सावध करावं लागलं. ठग खोटी जास्त किंमत सांगतो, आपण खरी जास्त किंमत लपवतो. म्हणजे त्या बाईंना खरा आकडा सांगणारा कोणीच उरत नाही. इंग्रजी वाचता येणारा, मोबाईल हातात असणारा, नात्याने 'काकू' म्हणणारा एवढा एक जण त्यांच्या दारात आला होता, आणि तो जिन्यात गेला.

माझं म्हणणं सहकाऱ्याला तोंडावर सांगून झालंय. "लई भाव खातोस बे" असं उत्तर मिळालं, तेही माझीच सोलापुरी उसनी घेऊन. असो. लक्ष्मी अजून विकली गेलेली नाही, बाईंचा पत्ता त्याच्याकडे आहे आणि सोलापूरला जाणारी हुतात्मा एक्सप्रेस संध्याकाळी पुण्याहूनच सुटते.