जॅम म्हणजे टाइमपास नव्हे बे!

मंडळी, प्रोग्रेसिव्ह रॉक ऐकणाऱ्यांची आपली जमात भारी चोखंदळ. पिंक फ्लॉइडच्या 'मनी'मधले सात ठोके बोटांवर मोजणार, ड्रीम थिएटरच्या लांबलचक गाण्यात ताल नेमका कुठे बदलला ते छातीठोक सांगणार. आणि कुणी ग्रेटफुल डेड किंवा फिशचं नाव काढलं की नाक मुरडणार. "जॅम बँड? तासभर एकच रिफ घोळत बसतात बे. नुसता टाइमपास!" सोलापूरच्या कट्ट्यावर हेच, पुण्यात आयटी कंपनीच्या कँटीनमध्येही हेच.

माझं म्हणणं सरळ आहे. ज्याला प्रोग मनापासून आवडतं त्याला जॅम बँड आवडायलाच हवा. आवडत नसेल तर एक तर त्याने तो नीट ऐकलेला नाही, किंवा त्याला संगीतापेक्षा "मला अवघड कळतं" हे मिरवणं जास्त आवडतं.

आधी गणितच घेऊ, कारण आपल्या लोकांचा तोच लाडका विषय. ग्रेटफुल डेड म्हणजे या सगळ्या जॅम बँडांचं मूळ पीठ. त्यांचा ड्रमर मिकी हार्ट १९६७ मध्ये उस्ताद अल्लारखाँना भेटला आणि लयीचे हिशोब शिकून ते थेट बँडमध्ये घेऊन आला. १९६९ च्या 'लाइव्ह/डेड'वरचं 'द इलेव्हन' अकरा मात्रांचं आहे. 'प्लेइंग इन द बँड' दहाचं. पुढे १९७६ मध्ये हार्ट आणि झाकीर हुसेन यांनी मिळून 'दिगा' हा अल्बम केला आणि जेरी गार्सियाने त्यात गिटार वाजवली. म्हणजे ज्याला तुम्ही गंजेडी लोकांचा गोंगाट म्हणता, त्याचा एक धागा थेट मुंबईत, माहीमच्या घरापर्यंत येतो!

आता रचना. फिशचं 'यू एन्जॉय मायसेल्फ' ऐका. पहिली कित्येक मिनिटं सूर न् सूर लिहिलेला आहे, मोकळं वाजवणं नंतर सुरू होतं. २०१० मध्ये जेनेसिसला रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये घेतलं तेव्हा त्यांच्यावर भाषण करायला कोण उभा राहिला? फिशचा ट्रे अनास्तासिओ. नंतर फिशने जेनेसिसची गाणीही वाजवली. अम्फ्रीज मॅगी तर दोन्ही घरचे पाहुणे. स्टेजवर हातांनी खुणा करत, आयत्या वेळी नवा तुकडा रचत जातात, त्याला ते 'जिमी स्टुअर्ट' म्हणतात. त्यातले चांगले तुकडे नंतर पक्की गाणी होतात. याला शिस्त नाही म्हणायचं?

"पण ते भरकटतात!" हा पेटंट आक्षेप. बाबांनो, हे निदान आपण तरी म्हणू नये. ख्यालात बंदिश असते दोन-चार ओळींची आणि विस्तार तासाभराचा. भीमसेनअण्णा भरकटले असं कुणी म्हणालं का कधी? मोकळं सोडलेलं असतं म्हणूनच समेवर येण्याला किंमत असते. गायक तिहाई घेतो तेव्हा सभागृहातले शंभर हात समेची वाट बघत असतात, आणि चुकली तर सगळ्यांसमोर चुकते. ताल मोजता येणं ही प्रोगवाल्याची मिजास. ताल सांभाळून त्यात बेधडक शिरणं ही पुढची पायरी आहे.

सोलापूरकरांना तर हे सांगावंही लागू नये. १९६७ च्या 'कट्यार काळजात घुसली'मध्ये वसंतराव देशपांडे खाँसाहेब होते आणि झरीना होती आपल्या सोलापूरची फैय्याज. नाटक लिहिलेलं, चाली अभिषेकीबुवांनी बांधलेल्या, पण वसंतरावांचं पद आज ऐकलं तसंच उद्याच्या प्रयोगात येईल याची खात्री नाही. त्याच 'कट्यार'वर २०१५ मध्ये सिनेमा आला, त्यात शंकर महादेवन होते. हा माणूस मूळचा कॉम्प्युटर इंजिनिअर, आपल्यातलाच :-) आणि 'शक्ती'मध्ये जॉन मॅक्लॉफ्लिन आणि झाकीरभाईंच्या शेजारी बसून गाणारा. आता गंमत बघा. मॅक्लॉफ्लिनच्या महाविष्णू ऑर्केस्ट्राला प्रोगवाले देव्हाऱ्यात बसवतात. तोच मॅक्लॉफ्लिन पुढे 'शक्ती'त मांडी घालून बसला. त्यांचा १९७६ चा पहिला अल्बमच मैफलीत रेकॉर्ड केलेला आहे. देव चालतो, पण त्याचा मार्ग चालत नाही?

आपल्याकडे चादरीची नक्षी जॅकार्डच्या पंचकार्डांवर आधी ठरते. मग हजारावी चादरसुद्धा पहिलीसारखीच निघते, आणि निघायलाच हवी. प्रोगचा अल्बम तसा विणलेला असतो आणि मला तो प्रचंड आवडतो. पण मैफलीत पण तीच चादर? पुण्या-मुंबईचं भाडं भरून, महागडं तिकीट काढून, सीडीवरचा सूर न् सूर पुन्हा ऐकायचा आणि "काय परफेक्ट वाजवलं!" म्हणत परत यायचं? २०१७ मध्ये फिशने न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये १३ रात्री कार्यक्रम केले आणि एकही गाणं पुन्हा वाजवलं नाही. आणि प्रोगचे पितामह किंग क्रिम्सन? त्यांच्या १९७४ च्या 'स्टारलेस अँड बायबल ब्लॅक'चा मोठा भाग स्टेजवर आयत्या वेळी सुचलेला आहे. ही भिंत त्यांनी बांधलेली नाही, आपण बांधली.

वाईट जॅमइतकं कंटाळवाणं जगात काही नसतं, हे शंभर टक्के मान्य. वीस मिनिटं एकाच सुरावर घुटमळणारे भरपूर आहेत. पण फसण्याची शक्यता ही त्या चांगल्या दहा मिनिटांची किंमत आहे. जिथे फसताच येत नाही तिथे जमलं याचं कौतुक कसलं?

'शक्ती'च्या 'धिस मोमेंट'ला फेब्रुवारी २०२४ मध्ये ग्रॅमी मिळालं आणि त्याच डिसेंबरात झाकीरभाई गेले. रेकॉर्डिंगं आहेत, राहतील. पण समोर बसलेल्या लोकांकडे बघून त्यांना त्या क्षणी जे सुचायचं, ते आता कुणालाच ऐकता येणार नाही. ज्यांनी "रेकॉर्ड आहे ना, नंतर ऐकू" म्हणून मैफल टाळली, त्यांनी काय घालवलं ते त्यांचं त्यांनी ठरवावं.

तेव्हा या वीकेंडला 'लाइव्ह/डेड' लावा, हेडफोन काढून, मोठ्या आवाजात. 'द इलेव्हन'ला बोटांवर अकरा मोजा हवं तर. पाच-सात मिनिटांनी मोजणं आपोआप थांबलं, तर समजा बरोबर ऐकताय.

बाकी तुम्ही सुज्ञ आहातच.